राखणीचा खांब

बिरू धायगुड्याला कुणी विचारलं, "काय लावलंय रानात?" तर तो आधी रानाकडं बघायचा, मग विचारणाऱ्याकडं, आणि म्हणायचा, "ऊस हाय जणू."

हे 'जणू' त्याच्या जिभेवर कायमचं मुक्कामाला होतं. बायको घरात हाय का? "हाय जणू." पोरगं शिकलं का? "शिकलं जणू." माणूस साठीला टेकला, पण आपलं म्हणावं अशा कुठल्याच गोष्टीची त्याला पक्की खात्री नव्हती. खात्री होती ती मेंढरांची, आणि मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती.

इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, माळावर त्याची वस्ती. कालवा तिथवर येतो खरा, पण येता येता दमतो. वरच्यांची रानं भिजून झाली, की उरलंसुरलं पाणी बिरूच्या बांधाला येऊन नुसतं वास घेऊन जायचं. बांधाच्या पलीकडं सर्जेरावांचं रान. सर्जेराव म्हणजे कारखान्याचे जुने सभासद, ऊस पिढ्यान्‌पिढ्यांचा. 'काय म्हंतो मी' असं आधी म्हटल्याशिवाय त्यांना काही म्हणताच यायचं नाही.

"बिरू, काय म्हंतो मी, हा ऊस हाय का मेंढराच्या शेपट्या?"

"ऊसच हाय जणू, तात्या."

"न्हाय, मला वाटलं कातरायला आलाय का काय."

बिरू हसायचा. सर्जेराव त्याच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे. तरुणपणी बिरूची मेंढरं दरसाल त्यांच्याच रानात बसायची, खतासाठी. तेव्हापासूनची ही ओळख, आणि थट्टा हाच तिचा जमाखर्च.

मेंढरांच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढं जे झालं ते तिच्यातूनच झालं. धनगराच्या कळपात सगळीच मेंढरं त्याची नसतात. कुणा पावण्याची दोन, कुणा विधवेचं एक, अशी राखणीला दिलेली असतात. धनगरानं ती आपल्याबरोबर कोकणात न्यायची, चारायची, जगवायची, आणि परत आला की धडधाकट दाव्याला बांधून द्यायची. बिरूच्या बापानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती: पाणवठ्यावर राखणीचं जित्राब आधी पितं. आपलं कोकरू मेलं तर रडावं आणि पुढं चालावं. दुसऱ्याचं मेलं तर तोंड दाखवायला जागा नाही.

एका साली घाट चढताना राखणीची एक मेंढी लंगडायला लागली. बिरूनं ती खांद्यावर घेतली. त्याचं स्वतःचं तान्हं कोकरू मागं राहिलं, ते राहिलंच. बायको बानूबाई घाट संपल्यावर म्हणाली, "ज्याची मेंढी त्याला ठावं बी न्हाय." बिरू म्हणाला, "मला ठावं हाय की." या वाक्याला मात्र त्यानं 'जणू' लावलं नव्हतं.

त्यांचा एकुलता एक पोरगा मल्हार. तो वसतिगृहात राहून शिकला, बारामतीत डिप्लोमा केला आणि तिथल्याच एका कंपनीत लागला. कंपनीचं काम असं, की शेतकऱ्यांच्या रानात यंत्र पुरायचं, ते जमिनीत ओल किती आहे ते मोजतं, आकडे बारामतीला पाठवतं आणि तिथून शेतकऱ्याच्या फोनवर सांगावा येतो: पाणी द्या किंवा देऊ नका. मल्हार कंत्राटावर होता. कायम व्हायचं तर या हंगामातला प्रयोग नीट पार पडायला हवा होता. साहेबांना प्रयोगासाठी माळरानाचा एक प्लॉट पाहिजे होता. चांगल्या जमिनीवाले पुढं आले, माळवाला कुणी येईना. मल्हार म्हणाला, "आमचा हाय की, सर."

यंत्र बसवायला तो स्वतःच आला. लोखंडी खांब, वर तळहाताएवढी काचेची पाटी, खाली पांढरी डबी. डबीतून दोन तारा जमिनीत, एक वीतभर खोल, दुसरी हातभर. बानूबाई पदर डोक्यावर घेऊन बघत होती, जशी नव्या सुनेकडं बघतात.

"ह्याला खायाला काय घालायचं रं?"

"ऊन खातंय, आये."

"आन् प्यायाला?"

"पाणी रानाला द्यायचं. हे नुसतं बगत बसतंय."

"म्हंजी तुज्या आबावानीच की!"

मल्हार एवढा हसला की हातातला पाना खाली पडला. मग त्यानं बापाच्या फोनवर एक गोल दाखवला. हिरवा असला की रानात ओल आहे. पिवळा झाला की कमी होतेय. लाल म्हणजे रान तहानलं. बिरूनं तीनदा मान हलवली. जाताना गाडीला किक मारून मल्हार म्हणाला, आणि अगदी सहज म्हणाला, "आबा, हे माजं न्हाय बरं का, साहेबाचं हाय. संबाळा. आन् आपल्या प्लॉटला लाल यिऊ दिऊ नगा. साहेब रोज आपलाच प्लॉट उघडून बगत्यात. माजं कायम व्हायचं ते ह्याच्यावरच हाय."

त्याला म्हणायचं होतं, वेळेवर पाणी फिरवा. दुसरं काय म्हणणार? पण बिरूच्या मनात ते जाऊन बसलं भलत्याच ठिकाणी. साहेबाचं जित्राब आपल्या रानात राखणीला आलंय. पोराच्या शब्दावर आलंय.

फोनवर रोज एक बाई बोलायची. आवाज इतका गोड, की साखर कारखान्यातच भरती झाली असावी. "नमस्कार, प्रिय शेतकरी बंधू. आपल्या शेतातील ओलावा समाधानकारक आहे." बिरू तिला न चुकता उत्तर द्यायचा, "बरं बाई." बानूबाई चुलीपुढून विचारायची, "ही सटवी कोण रोज?" आणि बिरू म्हणायचा, "पोराच्या हाफिसातली हाय जणू." मग ती स्वतःच त्या बाईची नक्कल करायची: "प्रिय बिरू बंधू, आपल्या भाकरीवरील कोरड्यास समाधानकारक आहे." दोघंही हसायची. चांगले दिवस होते ते.

मग वैशाखातलं ऊन आलं. विहिरीनं बूड दाखवलं. कालव्याची पाळी आज येईल, उद्या येईल, असं करत लांबली. फोनवरचा गोल पिवळा झाला. बिरू दिवसभर त्याच्याकडं बघत बसला, जणू बघितल्यानं तो जागचा हलणार नव्हता. दुसऱ्या दिवशी लाल झाला, आणि मल्हारचा फोन आला.

"आबा, लाल आलंय. जरा पाणी फिरवा की."

विहिरीत माणसांपुरतं आणि एका शेळीपुरतं पाणी होतं. ते बिरूनं सांगितलं नाही. पोरगं आपल्या भरवशावर साहेबांपुढं उभं आहे, त्याला 'पाणी न्हाय' कसं सांगायचं? तो म्हणाला, "फिरवतो जणू."

सकाळी उठून त्यानं बानूबाईनं भरून ठेवलेल्या दोन घागरींतली एक उचलली, रानात गेला आणि खांबाच्या बुडाला हळूहळू ओतली. मेंढराला पाजावं तशी, एकदम न ओतता, जिरू देत देत. घरी येऊन चहा पिऊन होईपर्यंत गोल हिरवा झाला. थोड्या वेळानं मल्हारकडून फोनवर एक अंगठा आला, वर केलेला.

त्या दिवसापासून बिरूचा तो नेमच झाला. बानूबाईला राहवेना.

"अवं, त्या लोखंडाला पाजताय, आन् ह्यो ऊस उभ्यानं वाळतोय. ह्येच्या बुडाला वता की एखादी घागर."

"एका घागरीनं उसाचं काय व्हतंय? ह्येचं भागतंय."

हिशेब चुकीचा नव्हता. एका घागरीत एकराचा घसा ओला होत नाही, एका खांबाचा होतो. आणि आपल्याआधी राखणीच्यानं प्यावं, हे बिरूला जन्मापासून माहीत होतं. त्याचा स्वतःचा ऊस पिवळा पडला, पानं सुरळीसारखी वळली. तो तिकडं फार वेळ बघत नसे.

बारामतीत मात्र निराळंच चाललं होतं. खांब दर पाव तासाला एक आकडा पाठवायचा. तसे आसपासच्या सगळ्या रानांतून आकडे यायचे. संगणक त्यांची दिवसाची सरासरी काढायचा आणि कुणाचं किती ऐकायचं ते ठरवायचा. त्याची रीत साधी होती: जो आकडा फार खालीवर होतो त्याचं कमी ऐकायचं, जो स्थिर राहतो त्याचं जास्त. उन्हाळ्यात सगळ्यांचे आकडे घसरत होते, पाळीला चढत होते, पुन्हा घसरत होते. बिरूच्या माळावरचा आकडा तेवढा रोजच्या रोज एका जागी, शाळेच्या फोटोतल्या पोरासारखा ताठ.

"बेसिकली," साहेब बैठकीत म्हणाले (साहेबांचं सगळंच बेसिकली असायचं), "बेसिकली ही आपली बेस्ट साइट आहे."

मल्हारनं जिन्यात येऊन घरी फोन लावला. "आबा! साहेब म्हणालं, आपलं स्टेशन सगळ्यांत भरवशाचं!"

बिरूनं फोन कानाला तसाच धरून ठेवला. मल्हार बोलायचा थांबला तरी धरून ठेवला. मग म्हणाला, "आसं म्हणालं व्हय," आणि बानूबाईला ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा तेच म्हणाला.

सर्जेरावांनीही बांधालगतच्या रानात कंपनीचं यंत्र बसवून घेतलं होतं; त्याच सुमाराला त्याची तार उंदरांनी खाल्ली. नवी तार येईपर्यंत त्यांच्या रानाचा आकडा शेजाऱ्यांवरून अंदाजानं काढायचा ठरला. आणि शेजाऱ्यांमध्ये संगणकाचा भरवसा सगळ्यांत जास्त कुणावर, ते वर आलंच आहे.

शेवटी कालव्याला पाणी सुटलं; बिरूपर्यंत ते नेहमीसारखं पोचलंच नाही. सर्जेरावांची एकच पाळी, रानं दोन, एक बांधाला लागून आणि एक रस्त्यापलीकडं. फोनवरच्या बाईनं सांगितलं, "समाधानकारक आहे." सर्जेरावांना हल्ली या बाईचा अभिमान होता. चावडीवर सांगत, "काय म्हंतो मी, आपुन आता अंदाजपंचे शेती करत न्हाय." त्यांनी बांधालगतच्या रानाचं दारं बंद केलं आणि सगळं पाणी रस्त्यापलीकडं नेलं. पाळी संपली. पुढची कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं.

ऊस काही बोलत नाही. सुरूचा, म्हणजे थंडीच्या शेवटी लावलेला कोवळा ऊस, मांडीला लागेलसा आलेला. आधी दुपारचा मान टाकायचा आणि सकाळी उचलायचा. मग सकाळचीही उचलेना. सर्जेरावांना काळजी वाटली तेव्हा त्यांनी फोन बघितला. फोन म्हणाला, समाधानकारक. त्यांनी विहिरीची मोटर लावली, पण विहिरीतही मोटरीला पुरेल इतकं राहिलं नव्हतं. बघता बघता शेंड्याचे पोंगे वाळले.

एका सकाळी ते वाळलेल्या उसाची पेंढी काखेत मारून बिरूच्या अंगणात उभे राहिले.

"बिरू, काय म्हंतो मी, ही बग. ही बग तुझ्या पोराच्या बाईची समाधानकारक!"

"तात्या, बसा. पाणी घ्या."

"पाणी? आता पाणी देतोस व्हय? रानाला पायजे हुतं तवा ती भवानी काय म्हणाली? मी बारामतीला निघालोय. तुझ्या पोरावर राग न्हाय माझा, पण त्या साहेबाच्या टेबलावर ही पेंढी टाकल्याबिगर मी जेवणार न्हाय."

आणि खरंच एसटीनं बारामतीला जाऊन त्यांनी ती टाकली. कंपनीचं काचेचं टेबल, त्यावर धुरळ्यानं माखलेली पेंढी. साहेबांनी ती बाजूला सारली नाही. हे सर्जेरावांनीच नंतर कबूल केलं.

दोन दिवसांनी मल्हार वस्तीवर आला. बरोबर स्वरूपा मॅडम. मल्हारपेक्षा थोडीशीच मोठी. आकड्यांचं सगळं काम तिच्याकडं होतं. मल्हारनं आईला नेहमीसारखं चिडवलं नाही. बिरू खांबापाशी गेला तसा तोही मागून आला.

मॅडमनी हातातल्या टॅबच्या पाटीवर एक रेघ दाखवली. "काका, ही दिवसाची सरासरी. अगदी सरळ दिसते ना? म्हणून आम्ही फसलो, आणि शेजारच्या रानाचा अंदाजही हिच्यावरूनच काढला. आता मी पाव पाव तासाचे आकडे उघडले. हे बघा."

सरळ रेघेच्या जागी करवतीचे दाते आले. रोज सकाळी एकदम वर, मग दिवसभर उतरत खाली. पुन्हा सकाळी वर.

"पाऊस असता तर शेजारच्यांनाही लागला असता. कालवा असता तर खालची तारही ओली झाली असती. वरचीच होतेय, आणि इथंच." तिचा आवाज अगदी हळू होता. "इथं कुणी पाणी ओततं का हो, काका?"

बिरूनं तोंड उघडलं. पण त्याच्याआधी मल्हार बोलला.

"माझ्याकडनं चूक झालीय, मॅडम. वरची तार मी पक्की बसवली न्हाय. फट राहिली. सकाळच्या गारव्याला ती आकडा वाढवून दाखवत असणार."

सगळ्या रानात हिरवं म्हणून औषधाला नव्हतं, आणि खांबाच्या बुडाशी मात्र गोलाकार हरळी उगवली होती, लुसलुशीत, रांगोळी घातल्यासारखी. मॅडमनी ती बघितली. मल्हारनं ती बघितली. मग मॅडमनी मल्हारकडं बघितलं.

"हेच सांगू साहेबांना?"

"हेच सांगा."

"विचार करून सांग, मल्हार."

"केलाय, मॅडम."

बिरूला त्यातलं निम्मं कळलं. गाडी निघून गेल्यावर बाकीचं निम्मं कळलं, आणि तो बांधावर जाऊन बसला. आपण पाजत होतो तिकडं, आणि वाळत होतं सर्जेरावांचं.

कंपनीत मल्हारनं सगळ्यांसमोर उभं राहून चूक आपल्या डोक्यावर घेतली. साहेब रागावले, पण चूक म्हणजे नुसती चूक, गुन्हा नव्हे. त्यांनी त्याला रानातल्या कामावरून काढून गोदामात बसवलं, कायम होण्याचं पुढच्या वर्षावर ढकललं, आणि सर्जेरावांची जातीनं भेट घेऊन माफी मागितली. बिरूला हे सर्जेरावांकडूनच कळलं.

"काय म्हंतो मी, तुझ्या पोराला तारा मोजायला बसवलाय. मला वाईट वाटलं गड्या. मी पेंढी नेली ती त्या बाईसाठी. पोरासाठी न्हाय."

बिरूनं पोराला फोन केला. मल्हार म्हणाला, "काय न्हाय आबा, सावलीत काम हाय आता. बरंच हाय की."

बिरूचं जेवण तुटलं. घास हातात घेऊन बसायचा. बानूबाईनं ओळखलं.

"काय शिजतंय डोस्क्यात?"

"साहेबास्नी सांगून येतो. पोराचा काय गुन्हा न्हाय म्हणून."

"पोरानं झाकलंय ते तुमी उघडायचं न्हाय."

"आगं, माज्या चुकीखाली त्यो दबलाय. बाप जित्ता आसताना."

"त्यानं कायतरी इचार करून झाकलं आसंल की!"

"त्येनं बापासाठी झाकलं. म्या त्येच्यासाठी उघडायला नगं?"

बानूबाईनं त्याचा ठेवणीतला फेटा काढून दिला.

बारामतीच्या स्टँडवर उतरून, विचारत विचारत, तो ऑफिसात पोचला. दारात पायताण काढून ठेवलं. थंडगार खोली, आणि सगळे हळू बोलणारे. स्वरूपा मॅडम त्याला बघून झटकन उठून आली.

"काका, तुम्ही? मल्हार मागं गोदामात आहे, चला, भेटवते."

"साहेबास्नी भेटायचंय."

"काका, माझं ऐका. आज नको. काय सांगायचंय ते मला सांगा, मी बघते." तिनं त्याच्या हाताला धरलं. "खरंच नको, काका."

बिरूला वाटलं, पोरगी भली आहे, आपल्या म्हातारपणाला जपतेय. तो म्हणाला, "लई टाइम घेत न्हाय मी," आणि आत गेला.

साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. बिरू बसला नाही. उभ्यानं, फेटा सावरत, त्यानं सगळं सांगितलं. विहीर, लाल गोल, घागर. राखणीचंसुद्धा सांगितलं. आयुष्यात इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "तवा साहेब, चूक माजी हाय. पोरानं तार पक्कीच बसवली हुती. त्येला परत रानात घ्या. मला काय शिक्षा करायची ती करा."

आता साहेब सुटकेचा श्वास सोडतील, असं त्याला वाटलं होतं. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कपाळ चोळलं. 'बेसिकली' म्हणाले नाहीत.

"बाबा, मल्हारला हे माहीत होतं?"

बिरू पहिल्यांदा थबकला.

"तो तिथं उभा होता ना? त्यानं बघितलं ना? आणि तरी सगळ्यांसमोर तार सैल होती म्हणून सांगितलं. ते आम्ही पुढं कळवलं. ज्यांच्या पैशावर प्रयोग चालतो त्यांना कळवलं." साहेब खिडकीबाहेर बघत बोलत होते. "बाबा, आमचं सगळं काम चुकांचंच आहे. यंत्र चुकतं, माणूस चुकतो. किती चुकलं ते आम्ही मोजतो आणि वजा करतो. खोटं वजा करता येत नाही. त्यानं हे एक सांगितलं, तर त्याच्या हातनं आलेले आधीचे आकडे खरे कशावरून? मी कुणाला काय सांगू?"

"साहेब, त्येनं माज्यासाठी..."

"कळतंय मला. मलाही वडील आहेत."

मल्हारला बोलावलं. तो हात पुसत आला, दारात बापाला बघितलं आणि तिथंच उभा राहिला. साहेबांनी विचारलं. मल्हारनं बापाकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बिरूला सोसला असता. पोरगं नुसतं दमल्यासारखं दिसत होतं.

"व्हय सर," तो म्हणाला. "मला माहीत हुतं."

कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ते पुढं वाढवलं नाही. साहेब कठोर नव्हते, त्यांनी दुसरीकडं सांगायचंही कबूल केलं. पण मल्हारचं त्या ऑफिसातलं जे होणार होतं, ते तिथं संपलं.

घरी येताना दोघं मल्हारच्या गाडीवर होते. बारामती मागं पडली, उसाच्या गाड्यांनी उखडलेला रस्ता लागला, दोन्हीकडं ऊन भणभणत होतं. बिरू मागं बसून पोराच्या पाठीकडं बघत होता. सदऱ्यावर घामानं नकाशा उठला होता. लासुर्ण्याला मल्हारनं गाडी थांबवली, बापासाठी चहा सांगितला, स्वतःला नाही.

"ऊन लागतंय का, आबा?"

"न्हाय."

"फेट्याचं टोक तोंडावर घ्या."

बिरूनं घेतलं. पोरानं सांगितला म्हणून त्यानं चहा सगळा प्यायला.

कंपनीची माणसं येऊन खांब काढून घेऊन गेली. सर्जेरावांच्या कानावर सगळं गेलंच होतं. ते बांधापलीकडून आले, बिरूशेजारी बसले, तंबाखू मळली, अर्धी त्याच्या हातावर ठेवली. वाळल्या उसाचा विषय काढला नाही. त्यानंतर त्यांनी बिरूची कधीच थट्टा केली नाही. कसा आहेस, बरा आहेस ना, असं पावण्यासारखं विचारायचे. बिरूला ते फार लागायचं. शिव्या दिल्या असत्या तर तो त्यांच्या बांधावर जाऊन हक्कानं बसला असता.

मल्हार घरीच होता. शेळीला पाला आणायचा, आईला पाणी आणून द्यायचा, फोनवर कामाच्या जाहिराती बघायचा. एके दिवशी दुपारी जेवताना बिरू म्हणाला, "तात्यांची कारखान्यात वळख हाय. मी आज त्यास्नी गाठतो. आन् तुज्या साहेबाकडं बी पुन्यांदा जातो. त्येला बाप हाय म्हणाला हुता. त्येच्या बापालाच भेटतो. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचं..."

"आबा."

मल्हारनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. आवाज चढवला नाही. लहान मूल विहिरीच्या कडेला गेल्यावर त्याला दचकवू नये म्हणून जसं हाक मारतात, तसा बोलला.

"आबा, आता माज्यासाठी काय बी करू नगा."

बानूबाईचा हात परातीतच थांबला. बिरू उठायच्या बेतात होता, एक हात जमिनीवर टेकलेला. तो तसाच राहिला, मग खाली बसला. मल्हारनं उरलेली भाकरी कालवून खाल्ली, ताट धुऊन ठेवलं आणि जाता जाता बापाच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला.

पुढच्या महिन्यात तो चाकणकडं एका कारखान्यात लागला. मालाचे खोके मोजायचं काम. रविवारी फोन करतो. आधी आईशी बोलतो, काय खाल्लंस, खोलीत डास आहेत का, पगार वेळेवर होतो का, हे सगळं बानूबाई विचारून घेते. मग ती फोन बिरूकडं देते.

"जेवलास का?" बिरू विचारतो.

"जेवलो. तुमी?"

"जेवलो."

पलीकडून यंत्रांचा आवाज येत राहतो. बिरूला पुष्कळ विचारायचं असतं. काम जड आहे का, साहेब बरा आहे का, गावाची आठवण येते का. पण विचारलं आणि पोरगं म्हणालं, त्रास आहे, तर आपल्याला बसवणार नाही, आपण उठून कुठंतरी जाऊ, हे त्याला पक्कं ठाऊक झालं आहे. म्हणून तो विचारत नाही. फोन कानाला धरून, पोरानं ठेवेपर्यंत, तो गप्प बसून राहतो.